आधी चेंडू उडवा : ॲनिमेशनची पहिली फाइल

चित्रकलेचा विद्यार्थी ॲनिमेशन शिकायला बसला की पहिल्याच दिवशी पात्र काढतो. मीही काढलं होतं. डोक्यावर पगडी, हातात छत्री, थेट सदाशिव पेठेतले आजोबा. चेहरा झकास जमला, पण आजोबा काही केल्या चालेनात. चित्र येणं वेगळं आणि दोन चित्रांमधलं अंतर कळणं वेगळं. म्हणून क्लासची फी भरायच्या आधी एक साधा चेंडू उडवून पाहा.

चित्र काढायचं सॉफ्टवेअर क्रिता घ्या. ते फुकट आहे, आणि ब्रश आपल्या हाताला ओळखीचे वाटतात. थ्री-डी ॲनिमेशनचं ब्लेंडरही फुकटच, पण त्याचा पडदा पाहून नवखा माणूस गांगरतो. ते पुढच्या सुट्टीत.

नवी फाइल १२८० बाय ७२० पिक्सेलची करा. मी छपाईच्या सवयीने ए-फोर, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) घेतला आणि दहाव्या फ्रेमला, म्हणजे दहाव्या चित्राला, लॅपटॉपने मान टाकली. क्रिता खेळवायच्या फ्रेम मेमरीत साठवतं, त्यामुळे कागद मोठा की मशीन दमलंच. मग विंडो मेनूतून ॲनिमेशनचा वर्कस्पेस, म्हणजे पडद्याची मांडणी, निवडा. खाली टाइमलाइन, म्हणजे फ्रेमची ओळ, दिसेल, तिथे वेग सेकंदाला १२ फ्रेम ठेवा.

लेयर, म्हणजे एकमेकांवर ठेवलेले पारदर्शक कागद, दोन हवेत. एकावर जमिनीची रेघ, वरून ५८० पिक्सेलवर. दुसरा चेंडूचा. दोन्ही एकाच लेयरवर काढलं तर रेघही दर फ्रेमला पुन्हा काढत बसाल. चेंडूच्या लेयरवर टाइमलाइनमध्ये राइट-क्लिक करून कोरी फ्रेम घाला. पहिल्या चित्रालाही घालायचीच. लेयरच्या ओळीतला बल्ब पेटवला की आधीचं चित्र फिकट दिसतं. याला ओनियन स्किन म्हणतात. खालून उजेड देणाऱ्या लाइट बॉक्सवर कागदावर कागद ठेवतो, तसंच हे.

आता खरी गंमत. पडणारी वस्तू समान वेळात १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते. एक भाग ३० पिक्सेलचा धरा. चेंडूचा तळ वरून १०० वर असेल, तर पुढची चित्रं १३०, २२०, ३७० आणि ५८० वर. चार पावलांत जमीन, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. खरा चेंडू साधारण गुडघ्याच्या उंचीवरून पडायला एवढाच वेळ घेतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टाकून मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये पाहा. उसळी घेताना हेच उलटं : वर ५, ३, १, खाली १, ३, ५. पुढची उसळी ३, १, १, ३. मग १, १ आणि थांबला. एकूण १७ चित्रं. आडवं अंतर मात्र दर चित्राला सारखंच, ५० पिक्सेल.

याच आकड्यांप्रमाणे चेंडू अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या छोट्या वहीच्या कोपऱ्यात, पानाला एक, आधी पेन्सिलने काढला तर उत्तम. पानं फरफर उलटली की चूक लगेच दिसते.

जमिनीला टेकलेल्या चित्रात चेंडू थोडा चेपा. जेवढा चपटा, तेवढा रुंद. नाहीतर तो आटल्यासारखा वाटतो. दर वेळी टेकताना चेपलेलं चित्र एकच ठेवा. दोन ठेवलीत तर चेंडू च्युइंगमवर पडल्यासारखा चिकटतो. हे मला फार उशिरा कळलं.

शेवटची फ्रेम ठरवून फाइल मेनूतल्या रेंडर ॲनिमेशनने व्हिडिओ काढा. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून मधूनमधून सेव्ह करत राहा.

मग तोच चेंडू कणकेचा गोळा समजून पाडा. पहिली पाच चित्रं तशीच राहतील, पुढे उसळी नाही. सगळं काम पसरण्याच्या दोन-तीन चित्रांत.