सोडवून आणलेल्या घोड्यांना भेटायला जाताय? या चुका टाळा

जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच प्रश्न पडला: गाडीपासून सुटलेला घोडा जातो कुठे? नशीब चांगलं असेल तर एखाद्या निवारा केंद्रात. टांग्याचे, वरातीचे, वीटभट्टीवरचे, हिल स्टेशनवर फेऱ्या मारून थकलेले असे सगळेच तिथे येतात. सांगली भागात काम करणाऱ्या ॲनिमल राहतसारख्या संस्था अशा जनावरांना सांभाळतात. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जरूर जावं, मात्र आधी फोन करून. पाहुण्यांमुळे घोड्यांना होणारा त्रास बहुतेक वेळा प्रेमापोटीच होतो, आणि म्हणून त्यांना नको म्हणणंही जड जातं.

पिशवीतला खाऊ

सगळ्यात मोठी चूक हीच. घरातली शिळी पोळी, पाव, गूळ, भिजवलेले हरभरे. ‘थोडंसंच दिलं’ असं प्रत्येक जण म्हणतो, पण रविवारी असे पन्नास जण येतात. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकतं. आतड्यात वायू धरला की पोटशूळ उठतो आणि त्यात घोडा दगावूही शकतो. लॉनवर कापलेलं गवत तर अजिबात नको, कारण ढिगात ते लगेच आंबतं. म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजलेले असतात. अख्खं गाजर किंवा त्याच्या गोल चकत्या त्याच्या घशात अडकतात. सांभाळणाऱ्याने परवानगी दिलीच तर गाजर उभं चिरून, त्यांच्याच टोपल्यात टाका. हातातून भरवलं की घोडा प्रत्येक खिसा हुंगू लागतो आणि पुढच्या पाहुण्याच्या मुलाला चावतो.

‘बरगड्या दिसतायत, उपाशी ठेवतात वाटतं!’

फोटो काढून लगेच तक्रार टाकू नका. कदाचित तो घोडा गेल्याच आठवड्यात आलेला असेल. फार दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम चंदी (धान्याचा खुराक) दिली तर रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडतो आणि तो काही दिवसांत मरू शकतो. म्हणून सुरुवातीला लसूणघास किंवा चांगलं वाळलेलं गवत थोडं थोडं, दिवसातून अनेकदा देतात. अंगावर मांस चढायला कित्येक महिने लागतात. शंका असेल तर सरळ विचारा, ‘हा कधी आला?’ चांगल्या केंद्रात उत्तर तारखेनिशी मिळतं. उत्तर टाळलं, किंवा खूर महिनोन्महिने न तासलेले दिसले, तर मात्र शंका धरायला जागा आहे.

तोंडाला, पाठीला हात

काटेरी लगाम प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनुसार बंद आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो अजून सापडतो. अशा घोड्याच्या ओठांच्या कडा चिरून भरलेल्या असतात. तोंडाजवळ हात गेला की तो मान झटकणारच. पाठीवर खोगिराच्या जुन्या जखमा असतात, त्यामुळे ‘बाळाला एकदा वर बसवू का?’ हा प्रश्नच विचारू नये. कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीमागे घोड्याला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत जावं. हात लावायची परवानगी असेल तर मानेला किंवा खांद्याला लावावा. कान मागे चिकटले की थांबा. बॅंड आणि फटाक्यांत आयुष्य गेलेल्या जनावरापुढे मोबाईलची जोरदार रिंगटोन नको, हे वेगळं सांगायला नको.

उगाच घाबरणं आणि घाबरायचं तिथे न घाबरणं

एक मागचा पाय सैल सोडून उभा राहणं, उभ्याने झोपणं, वरचा ओठ उलटा करून हुंगणं, धुळीत लोळून उठल्यावर अंग झटकणं, हे सगळं ठीक. पुन्हापुन्हा लोळणं, खुराने जमीन उकरणं, वळून स्वतःच्या पोटाकडे बघणं, उभ्या उभ्या घाम फुटणं, यांपैकी काही दिसलं तर धावत न जाता कामगाराला ताबडतोब सांगा. स्वतः पाणी पाजायला किंवा पोट चोळायला जाऊ नका.

एका तबेल्यातून दुसऱ्या तबेल्यात

सकाळी रायडिंग क्लास आणि दुपारी तेच बूट घालून निवारा केंद्र, असं करू नका. घोड्यांचे संसर्गजन्य आजार बूट, हात आणि बादलीवरून पसरतात. ग्लँडर्स तर माणसालाही होतो आणि तो आढळला की घोड्याला मारावं लागतं. वेगळ्या ठेवलेल्या घोड्यांच्या कुंपणाजवळही फिरकू नका.

दान

हरभऱ्याचं पोतं उचलून नेण्याआधी काय लागतं ते विचारा. बहुतेकदा नालबंदाचा आणि पशुवैद्यकाचा खर्चच जड असतो. आणि रस्त्यावरचा मरतुकडा घोडा मालकाला पैसे मोजून ‘सोडवायचा’ मोह आवरा; त्याच पैशांत तो दुसरा घेतो. पोलिसांत किंवा प्राणी संस्थेकडे कळवणं जास्त उपयोगी.

तरी चावलाच तर

हात हिसडू नका, जखम वाढते. सुटल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद किंवा चुना लावू नका. कातडी फुटली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. धनुर्वातासोबत रेबीजबद्दलही विचारा, कारण घोड्यालाही रेबीज होतो. आणि केंद्राला सांगून जा, म्हणजे त्या घोड्यावर त्यांना लक्ष ठेवता येईल.