कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवरील प्रस्ताव कसे वाचावेत

अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन कॅलिफोर्नियात प्रथमच मतदान करणारे मराठी मतदार उमेदवार सहज निवडतात, पण राज्यव्यापी प्रस्तावांपाशी अडखळतात. १९११ पासून येथील मतदार स्वतःच कायदे करू शकतात आणि राज्यघटनाही बदलू शकतात, त्यामुळे हा भाग कोरा सोडणे मला योग्य वाटत नाही.

निवडणुकीपूर्वी राज्याकडून मतदार पुस्तिका येते. प्रस्तावाचे शीर्षक व सारांश सहसा राज्याचे ॲटर्नी जनरल तयार करतात; ते पक्षाच्या राजकारणातून निवडून आलेले असतात आणि त्यांच्या शब्दयोजनेवरून वाद न्यायालयात गेलेले आहेत. म्हणून प्रथम विधिमंडळाच्या निःपक्षपाती वित्तीय विश्लेषकाचे टिपण वाचावे. आजचा कायदा काय आहे, प्रस्तावाने काय बदलेल आणि सरकारी तिजोरीवर किती भार पडेल, हे त्यात सरळ सांगितलेले असते. समर्थकांचे व विरोधकांचे युक्तिवाद त्यानंतर वाचावेत.

पुढे प्रस्ताव कोणी आणला ते पाहावे. घटनादुरुस्ती विधिमंडळाने सुचवली तरी मतदारांची संमती लागते. नागरिकांना नवा कायदा मांडायचा असेल, तर मागील गव्हर्नर निवडणुकीतील मतांच्या ५ टक्के, आणि घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के वैध सह्या लागतात. सह्या पैसे देऊन गोळा करून घेता येतात, त्यामुळे मोठ्या देणगीदारांची नावे अवश्य तपासावीत.

सर्वाधिक घोटाळा होतो तो विधिमंडळाने संमत केलेल्या कायद्यावरील सार्वमतात. महाराष्ट्रात दारूबंदीच्या मतदानात उभी बाटली आणि आडवी बाटली यांतील फरक डोळ्यांना दिसतो. येथे तसा आधार नव्हता. २०२२ च्या प्रस्ताव ३१ मध्ये स्वादयुक्त तंबाखूच्या विक्रीवरील बंदी रोखण्यासाठी तंबाखू कंपन्यांनी सार्वमत घडवून आणले होते, परंतु ‘होय’ म्हणजे बंदी कायम, असा अर्थ होता. २०२३ मध्ये नियम बदलून अशा सार्वमतासाठी ‘कायदा ठेवावा’ आणि ‘कायदा रद्द करावा’ असे पर्याय ठरवण्यात आले. इतर प्रस्तावांत मात्र ‘होय’ने नेमके काय घडेल, हे आपल्या शब्दांत एका वाक्यात लिहून पाहावे.

प्रस्ताव पुढे बदलता येईल का, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मतदारांनी केलेला कायदा, त्यातच तशी मुभा नसेल तर, विधिमंडळ मतदारांना पुन्हा विचारल्याशिवाय बदलू शकत नाही. ॲपवरून चालणाऱ्या वाहनसेवांच्या चालकांविषयीच्या २०२० च्या प्रस्ताव २२ मध्ये दुरुस्तीसाठी सात-अष्टमांश बहुमताची अट होती, आणि त्याच्या समर्थनार्थ कंपन्यांनी २० कोटी डॉलरच्या आसपास रक्कम ओतली होती. मालमत्ता कराचा मूळ दर १ टक्क्यावर रोखणारा १९७८ चा प्रस्ताव १३ आजही घटनेत आहे. हेतू पटला तरी मसुदा सदोष वाटत असेल, तर ‘नाही’ म्हणणे हा जबाबदार निर्णय ठरतो.

परस्परविरोधी दोन प्रस्ताव संमत झाले, तर विरोधापुरता अधिक ‘होय’ मते मिळवणारा लागू होतो. म्हणून ते एकत्र वाचावेत. घरी नमुना मतपत्रिकेवर उत्तरे नोंदवून ती मतदान केंद्रात सोबत नेता येते.