प्रसिद्ध चित्रांच्या प्रिंट विकताय? मग या चुका टाळा

"चित्रकार मेला, म्हणजे चित्र फुकट." छपाईसाठी फाइल घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा कायदा इथेच संपतो. अरे, कधी मेला ते तरी बघा! पिकासो १९७३ मध्ये गेला. भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट, म्हणजे चित्र छापायचा-विकायचा हक्क, राहतो, म्हणजे २०३३ संपेपर्यंत थांबायचं. युरोपात ७० वर्षं, म्हणजे २०४३ अखेरपर्यंत. अमेरिकेत जुन्या चित्रांची वर्षं बहुधा प्रकाशनापासून मोजतात, ९५. माल परदेशी पाठवणार असाल तर तिथलाही नियम बघावा लागतो.

दुसरी चूक माझ्या खास डोक्यात जाते: चित्र जुनं, पण फाइल दुसऱ्याची. जपानी चित्रकार होकुसाई १८४९ मध्ये वारला, त्याच्या 'ग्रेट वेव्ह' या लाटेच्या चित्रावर आता कुणाचा कॉपीराइट नाही. एक नवखा विक्रेता त्याची फाइल घेऊन आला. स्क्रीनवर मोठी करून पाहिली, तर होड्या चार. मूळ चित्रात तीनच आहेत. "कुठून घेतलीस?" "नेटवर होती, सर." चौथी होडी कुण्या दुसऱ्या विक्रेत्याने स्वतः रंगवून घातली होती, आकाशही नव्याने केलं होतं. तेवढी भर त्याची, आणि तिच्यावरचा हक्कही त्याचाच. मी छापायला नकार दिला. पठ्ठ्याने दुसरीकडून छापून घेतलं. तक्रार आली, लिस्टिंग उडालं, खात्यातले पैसे अडकले, मग धावत माझ्याकडे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या साइटवर हेच चित्र चांगल्या रेझोल्यूशनमध्ये मोफत आहे, विकायलाही हरकत नाही. पण तेवढं शोधायचा धीर कुणाला?

यावर कुणीतरी १९९९ चा ब्रिजमन-कोरेल निकाल तोंडावर फेकतोच. त्यात अमेरिकी कोर्टाने एवढंच म्हटलं की हक्क संपलेल्या चित्राच्या हुबेहूब फोटोला नवा कॉपीराइट मिळत नाही. नवी होडी रंगवलेली फाइल हुबेहूब कशी?

"तीस टक्के बदललं की चालतं" असा कुठलाही नियम नाही. खाली चित्रकाराचं नाव टाकलं म्हणजे परवानगी मिळत नाही. मूळ चित्र विकत घेतलंत तरी छापायचा हक्क आपोआप येत नाही.

इटलीच्या बाबतीत मी जास्तच घाबरट आहे. बॉटिचेल्ली १५१० मध्ये गेला, तरी त्याची व्हीनस कपड्यांवर छापली म्हणून उफिझी संग्रहालयाने २०२२ मध्ये फ्रेंच फॅशन ब्रँड जाँ पॉल गोतिएविरुद्ध कोर्टाची वाट धरली. तिथे कॉपीराइटचा प्रश्नच नव्हता, सांस्कृतिक वारसा जपणारा कायदा आडवा आला.

माझी सवय सांगतो. प्रत्येक चित्राचा वेगळा फोल्डर. त्यात चित्रकाराच्या मृत्यूचं वर्ष, फाइल जिथून घेतली त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि त्यावरचा परवान्याचा मजकूर. नोटीस आलीच तर आधी विक्री थांबवतो, मग हा फोल्डर उघडतो. नाव बदलून तेच चित्र पुन्हा चढवणाऱ्यांचं काम मी घेत नाही.