कोकणात सुट्टीला आलात आणि गोल्फही खेळायचाय?

तारकर्लीला आमच्याकडे उतरणारे काही पाहुणे डिकीत गोल्फची बॅग घेऊनच येतात. चहा संपायच्या आत प्रश्न येतो, "काका, इथे जवळ कोर्स कुठे?" मालवणात नाही, बाबांनो. इथे मासे खा, स्कुबा करा. खेळायचंच असेल तर किनाऱ्याचं एखादं टोक गाठावं लागतं.

मुंबईकडच्या टोकाला खारघर. डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचं मैदान आहे. ६६ नंबरचा हायवे पनवेलला सुरू होतो, म्हणजे कोकणात उतरण्याआधीच हात साफ करून घेता येतो. समुद्राचा वारा अंगावर घेत खेळायचं तर मात्र दक्षिण गोवा. मोबोरला साळ नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर १२ होलचा पार-३ कोर्स (प्रत्येक होल तीन फटक्यांत संपवायचा) आहे, तर काणकोणात राजबागला ९ होल. तिथे टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, दुहेरी आहेत, त्यामुळे दोन फेऱ्यांत १८ होतात. नवशिका असेल तर मी डोळे मिटून मोबोरला पाठवतो. हँडिकॅपवाल्याने, म्हणजे सरावलेल्या खेळाडूने, करमलचा घाट उतरून राजबागला जावं.

दोन्ही कोर्स हॉटेलांच्या आवारात आहेत. बाहेरच्यांना कधी घेतात, क्लबांचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, सेट भाड्याने मिळतो का, हे आधी फोन करून विचारा. डिसेंबरअखेरीस तर न विचारता जाऊच नका. सेट मिळत असेल तर बॅग घरीच ठेवून कुडाळहून मांडवी एक्स्प्रेसने मडगावला जा, पुढे टॅक्सी. पार-३ वर ड्रायव्हरचं, म्हणजे लांब मारायच्या क्लबचं, तसंही काही काम नसतं.

आता वारा. नेव्हीत असताना कुलाब्याला गोल्फ शिकलो, तेव्हापासून माझं सगळं गणित वाऱ्याचं. सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. समुद्राकडे तोंड करून मारताना सकाळी वारा पाठीशी असतो, तीन वाजता तोच तोंडावर. ११० यार्डांना सकाळी मला पिचिंग वेज (जवळच्या फटक्याचा क्लब) पुरतो, दुपारी तिथेच ८ नंबरचं आयर्न (त्याहून लांब मारणारा क्लब) काढावं लागतं. अंदाज घ्यायचा तर झेंड्याकडे बघू नका, तो झाडांच्या आडोशाला निवांत लोंबकळत असतो. माडाच्या झावळ्या बघा. त्या हलत असतील तर चेंडू उंच उडवू नका, खालूनच जाऊ द्या.

शक्यतो सकाळची पहिलीच वेळ घ्या. ऊन चढलं की घामाने ग्रिप सटकते, म्हणून दोन ग्लोव्ह ठेवा, आणि बाटलीत मीठ घातलेलं कोकम. एखाद्या कावळ्याने चेंडू पळवला तर दंड नाही. होता त्या जागी दुसरा ठेवायचा आणि पुढे खेळायचं. पैजेवर खेळणाऱ्यांनी हे आधीच बोलून ठेवावं, मागाहून भांडणं होतात.

खेळून झाल्यावर क्लब तसेच बॅगेत कोंबू नका. खारी हवा वेजच्या खाचांत बसते आणि तांबूस ठिपके धरायला लागतात. गोड्या पाण्याने पुसा, कोरडे करा, वर तेलाचा हलका हात फिरवा. बायकोच्या खोबरेलाला हात लावू नका. ते चिकट होऊन रेती धरतं, आणि घरात बोलणी बसतात ती वेगळीच. शिवणयंत्राचं तेल उत्तम.