लोकरी बेरे टोपीला कसर लागली तेव्हा

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतले. बेळगावच्या पावसाळ्यात त्यांची हिरवी बेरे टोपी ट्रंकेतून काढली, तर कडेला बारीक भोकं आणि शिवणीत वाळूसारखे कण. कसरच! लोकर खातात त्या या किडीच्या अळ्या, उडणारे पतंग नव्हे. म्हणून नुसत्या डांबरगोळ्यांवर विसंबलो नाही. टोपी पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर लोकरीवर दमटपणा धरतो, पितळी बिल्ल्यालाही तो वाईट. मग मऊ ब्रशने शिवणी झाडल्या, आकार टिकावा म्हणून आत आम्लविरहित टिश्यू कागद भरला. खिळ्याला टांगलेली टोपी ओढली जाऊन बेढब होते. आता ती काचेच्या पेटीत, उन्हापासून लांब, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत आहे. बिल्ला मात्र कुणाला घासू देत नाही. पॉलिश लोकरीत मुरतं.