मोठेपणी एडीएचडी आणि वर चिडचिड: गोळी ठरवायच्या आधी काय बघायचं

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. नाशिकला अंबड एमआयडीसीत प्लॅनिंगला आहे, आणि ३८व्या वर्षी कळलं की आपण नुसते आळशी नाही, आपल्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि उतावळेपणाचा लहानपणापासूनचा त्रास. तोवर घरात माझं नाव "भडकू" पडलेलं. गोळी शेवटी सायकिॲट्रिस्टच ठरवणार, पण १५ मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये आपण त्यांना काय सांगतो यावर खूप काही ठरतं, आणि मी पहिल्यांदा गेलो तेव्हा "सर लक्ष लागत नाही" एवढंच बोलून गप्प बसलो होतो.

तर पहिलं काम, चिडचिड कधी होते ते लिहायचं. दोन आठवडे. मी किराण्याच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहिलं, तारीख, वेळ, काय झालं, आदल्या रात्री किती झोपलो, चहा किती. कारण चिडचिड एकाच जागेवरून येत नाही. कोणी मध्येच टोकलं की भडका उडतो आणि दहा मिनिटांत आपण विसरून पण जातो, ती बहुतेक एडीएचडीची. दिवसभर मन खट्टू, कशातच रस नाही आणि त्यातून चिडचिड, ते डिप्रेशन असू शकतं. सारखी धाकधूक असेल तर एन्झायटी. थायरॉईड, बी-१२ कमी, घोरणं आणि तुटक झोप, बायकांमध्ये पाळीच्या आधीचा आठवडा, रोजची दारू, हे सगळं पण लक्ष आणि डोकं दोन्ही बिघडवतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कधी चार-पाच दिवस झोप नसतानाही अंगात प्रचंड उत्साह, भरमसाट खर्च, बोलणं थांबतच नाही असं झालं असेल, किंवा घरात कोणाला बायपोलर (मूड दोन टोकांना जाण्याचा आजार) असेल, तर ते न लाजता सांगा, कारण तिथे आधी मूड सांभाळायचं औषध लागतं, नाहीतर लक्षाच्या गोळीने उलटच व्हायचं.

दुसरं, शाळेचं प्रगतिपुस्तक शोधा. खरंच. एडीएचडी म्हणायला लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, आणि आपल्याला आपलं लहानपण गोड गोड आठवतं. आईने पंचवटीतल्या जुन्या घराच्या माळ्यावरून माझं सहावीचं काढलं, त्यावर बाईंनी लिहिलेलं, "हुशार आहे, पण वर्गात असूनही वर्गात नसतो." डॉक्टर ते वाचून हसले आणि लगेच फाईलला फोटो लावला.

आता औषधं. अमेरिकेतले लोक ज्याबद्दल बोलतात ते ॲडरॉल भारतात मिळत नाही, त्यामुळे तो विषयच सोडा. आपल्याकडे मुख्य दोन.

मिथाइलफेनिडेट हे स्टिम्युलंट, म्हणजे मेंदूला चालना देणारं औषध. अर्धा-एक तासात कळतं की काम करतंय. साधी गोळी ३-४ तास टिकते, लांब चालणारी ८ ते १२ तास. हे शेड्यूल एक्समध्ये येतं, म्हणजे चिठ्ठी दोन प्रतीत लागते, एक प्रत मेडिकलवाला ठेवून घेतो, आणि सगळ्या मेडिकलवाल्यांकडे त्याचं लायसन्स नसतं. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरला हे लिहून देता येत नाही, २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांतच मनाई आहे, त्यामुळे "घरबसल्या मिळेल" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. मला स्वतःला एका दुकानात फोनवर "आहे आहे" सांगून बोलावलं, कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत गाडी हाणली आणि तिथे म्हणे संपलं. तेव्हापासून अपॉइंटमेंट संपली की क्लिनिकमध्येच विचारतो, कुठे नक्की मिळेल.

याची चिडचिडीशी भानगड अशी, की गोळी उतरते तेव्हा काहींना रिबाउंड होतो, म्हणजे चिडचिड उलट जोरात परत येते. माझ्या वहीत सलग नऊ दिवस संध्याकाळी सहाची नोंद निघाली, पाथर्डी फाट्याचं ट्रॅफिक, घरी आलो की मुलीच्या डब्याचं झाकण सापडत नाही म्हणून आरडाओरडा. मला वाटत होतं औषध लागू पडत नाही. डॉक्टरांनी वही बघितली, साध्या गोळीऐवजी लांब चालणारी दिली आणि सहाचं प्रकरण बरंच निवळलं. पण दिवसभरच चिडचिड वाढली असेल, छाती धडधडते, झोप उडाली, तर डोस जास्त किंवा औषधच चुकीचं असू शकतं, तेव्हा दम काढत बसू नका, फोन करा.

दुसरं ॲटोमॉक्सेटीन. स्टिम्युलंट नाही, शेड्यूल एक्समध्ये नाही, मिळायला सोपं. फरक दिसायला ४ ते ६ आठवडे जातात, कधी त्याहून जास्त, आणि लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात. दिवसभर एकसारखं राहतं, त्यामुळे सहा वाजताची घसरगुंडी नाही. ज्यांना एन्झायटी आहे किंवा व्यसनाचा इतिहास आहे त्यांच्यासाठी डॉक्टर बऱ्याचदा हे निवडतात. मळमळ होते, म्हणून खाऊन घ्या. तोंड कोरडं पडतं, पुरुषांना लघवीला आणि सेक्समध्ये अडचण येऊ शकते, हे विचारायला लाजू नका. फ्लुओक्सेटीन किंवा पॅरोक्सेटीन चालू असेल तर याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी सांगायची, मित्राने दिलेली पावडर पण.

बुप्रोपिऑन, क्लोनिडिन ही पुढची नावं. पहिलं फिट येण्याचा इतिहास असेल तर नाही, दुसरं एकदम बंद केलं तर बीपी उसळतं. मूळ डिप्रेशन किंवा एन्झायटीच निघालं तर एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारखं काही आधी येईल.

सुरू करण्याआधी बीपी, नाडी मोजून घ्या, घरात कोणी तरुण वयात हार्टने गेलं असेल तर सांगा, मग ईसीजी. टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-१२ पण आपण होऊन विचारा. मिथाइलफेनिडेटने भूक मरते, म्हणून मी आधी पोटभर नाश्ता करतो, रविवारी मिसळ, मग गोळी. दारूबरोबर तर नकोच, आणि हो, वाईनसुद्धा दारूच असते, हे नाशिककरांना वेगळं सांगावं लागतं.

एका वेळी एकच बदल. गोळी, डोस, चहा सगळं एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कोणालाच कळणार नाही. आणि नोंद स्वतः करण्यापेक्षा घरच्याला करू द्या, आपल्याला आपला आवाज चढलेला ऐकूच येत नाही. माझ्या बायकोची नोंद कोरडी असते, "मंगळवार, झाकण नव्हतं, ओरडला नाही." जीव नकोसा वाटायला लागला, विशेषतः ॲटोमॉक्सेटीन सुरू केल्यावर, तर त्याच दिवशी डॉक्टर, नाहीतर १४४१६ वर टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फोन मोफत आहे.

खर्च परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला मानसिक आरोग्याच्या ओपीडीत दाखवा.

चिठ्ठी संपायच्या पाच दिवस आधीचा अलार्म मी बायकोच्या मोबाइलला लावलाय, माझ्या नाही, माझे अलार्म मी झोपेतच बंद करतो.