तळपायावरचा तीळही पाहावा
वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी तिळाला भाग्याची खूण मानत, आणि बहुतेक तीळ निरुपद्रवी असतातही; मात्र जो तीळ अलीकडे वाढू लागला, ज्याची कड वेडीवाकडी झाली, ज्यात काळ्या-तपकिरी छटा मिसळल्या किंवा जो 6 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलीमागच्या खोडरबरापेक्षा मोठा झाला, तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. आपल्याकडे मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग विरळ असला, तरी तो बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, आणि माझ्या मते तिथेच आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते. अंघोळीनंतर पाय पुसताना तळवे पाहावेत; एकाच नखात काळी रेघ रुंदावत असेल, तर थांबू नये. रक्त येणारा तीळ चुना लावून कधीही जाळू नये. तो सर सयाजीराव रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावा.